सकाळी बिघडणारा डी ड्राइव्ह : खानापुरातील एका डीटीपी केंद्राचे प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या बाजारपेठेतील एका डीटीपी केंद्राच्या मालकांनी २०२५ च्या श्रावणात मला बोलावले, तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि दुकानात बापलेकांचा अबोला चालू होता. वडिलांची तक्रार अशी होती की, मुलगा सकाळी संगणकावर बसून डी ड्राइव्हवर जे काम ठेवतो ते दुपारी त्यांना दिसत नाही, आणि अलीकडे त्यांच्या स्वतःच्या काही फायलीही उघडेनाशा झाल्या आहेत. मुलाचे म्हणणे आमच्या सीमाभागातल्या बोलीत एवढेच होते : "काका, मी काय पण पुसलो नाही." दोघेही खरे बोलत होते, पण ते सिद्ध व्हायला चार दिवस गेले.

दुकानातील संगणक एकच आहे. त्यात २४० जीबीची एसएसडी असून तिच्या अर्ध्याहून अधिक भागात विंडोज १० आणि उरलेल्या भागात उबुंटू लिनक्स २२.०४ ही दुसरी कार्यप्रणाली आहे (संगणक सुरू करताना दोहोंपैकी एक निवडायची असते), शिवाय १ टीबीची एक हार्ड डिस्क आहे, आणि तिलाच दुकानात सगळे 'डी' म्हणतात. विंडोजवाचून या दुकानाचे चालत नाही, कारण गेल्या कित्येक वर्षांच्या लग्नपत्रिका श्रीलिपी या आणि कन्नड कामे नुडी या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेली आहेत, आणि मांडणी सगळी कोरल ड्रॉ या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. फलकांवर साठ टक्के जागा कन्नडला देण्याचा कर्नाटकचा कायदा २०२४ मध्ये आल्यापासून तर प्रत्येक पाटीच्या कामात मराठीशेजारी कन्नड मजकूर येतोच. लिनक्स मुलाने वर्षभरापूर्वी घातले. तो बेळगावात बीसीए करतो आणि सकाळी कॉलेजची गाडी पकडण्यापूर्वी तास-दीड तास दुकानात बसतो. वर्षभर तो लिनक्समधून डी ड्राइव्हवरच्या फायली फक्त पाहत होता आणि स्वतःचे सारे लिनक्सच्या बाजूला ठेवत होता, त्यामुळे काही बिघडले नव्हते. गणेशोत्सवाच्या पावती पुस्तकांची कामे आल्यावर चित्र पालटले. पावत्यांवर अनुक्रमांक टाकणारा एक छोटा प्रोग्राम त्याने पायथॉनमध्ये लिहिला होता, आणि त्यातून तयार झालेल्या पीडीएफ फायली वडिलांना दुपारी छपाईसाठी मिळाव्यात म्हणून तो त्या डी ड्राइव्हवर ठेवू लागला. दोन प्रणाल्यांमध्ये एकच ड्राइव्ह खऱ्या अर्थाने वापरला जाऊ लागला तो त्या दिवसापासून.

पहिले दोन संशय आणि दिनदर्शिकेचे पान

अशा तक्रारीत माझा पहिला संशय डिस्कवर आणि दुसरा व्हायरसवर असतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या स्मार्ट नोंदी तपासल्या, त्यात खराब सेक्टर नव्हते. विंडोजमध्ये व्हायरसची पूर्ण तपासणी केली, तीही कोरी निघाली. वडिलांनी तेवढ्यात तिसरा संशय मांडला, की लिनक्सच विंडोजचा ड्राइव्ह खातो. हा समज आपल्याकडे बराच रुजलेला आहे आणि तो निराधारही नाही, कारण विंडोजच्या एनटीएफएस या फायली साठवण्याच्या रचनेवर लिनक्समधून लिहिणे पूर्वी खरोखर धोक्याचे होते. एनटीएफएस-३जी हा चालक, म्हणजे लिनक्सला ही रचना वाचता-लिहिता यावी यासाठीचा प्रोग्राम, २००७ मध्ये स्थिर झाल्यावर ती स्थिती बदलली, आणि २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१५ या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, एनटीएफएस३ नावाचा स्वतंत्र चालकही आला. तेव्हा नुसते 'लिनक्सने लिहिले' हे कारण मला पुरेसे वाटले नाही.

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे जुने पान फाडून घेतले आणि त्याच्या मागे तीन रकाने आखून दोघांना सांगितले की, संगणक कोणी बंद केला, कसा बंद केला आणि त्यानंतर दुसऱ्या बाजूला काय दिसले, हे चार दिवस लिहून ठेवावे. मात्र तोपर्यंत डी ड्राइव्हवर नवे काही ठेवू नये. चौथ्या दिवशी पान हाती आले तेव्हा उत्तर जवळजवळ त्यावरच लिहिलेले होते. रात्री वडिलांनी विंडोज 'शट डाउन' केले की सकाळी लिनक्समध्ये डी ड्राइव्ह सुरुवातीला केवळ वाचनापुरता उघडत होता. एके दिवशी मुलगा सुटीमुळे दुपारी आला, वडिलांनी चालू विंडोज 'रीस्टार्ट' करून संगणक त्याच्या हवाली केला, आणि त्या दिवशी ड्राइव्ह विनातक्रार पूर्ण उघडला. यंत्र, डिस्क, चालक आणि माणसे तीच. फरक होता तो बंद करण्याच्या बटणाचा.

पूर्ण बंद न होणारे 'बंद'

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असताना 'शट डाउन' म्हटले की विंडोज आपण उघडलेले प्रोग्राम बंद करते, पण स्वतःच्या गाभ्याची आणि चालकांची स्मृती एका फायलीत उतरवून ठेवते, आणि पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून न उभारता तीच स्मृती परत वाचून घेते. संगणक लवकर सुरू होतो तो यामुळे. त्या स्मृतीत जोडलेल्या ड्राइव्हची माहितीही असते : कोणते फोल्डर कोठे आहेत, कोणती जागा मोकळी आहे, कोणती नोंद डिस्कवर उतरायची राहिली आहे. म्हणजे वीज बंद झाली तरी विंडोजच्या लेखी तो ड्राइव्ह अजून उघडाच असतो. एखादा दुकानदार उधारीची खातेवही गल्ल्यावर उघडी टाकून घरी जावा, सकाळी मुलाने तीत दोन नावे लिहावीत, आणि दुपारी दुकानदाराने वहीकडे न बघता कालच्या आठवणीवरून त्याच ओळींवर पुढचे आकडे लिहावेत, असा हा प्रकार आहे. 'रीस्टार्ट' मध्ये मात्र असे होत नाही. त्यात विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होते. नावांवरून सामान्य माणसाला नेमके उलटे वाटावे अशी ही रचना आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात फसवे काही असेल तर ते एवढेच.

लिनक्सच्या चालकाला ही उघडी वही दिसते. एनटीएफएस आपल्या बदलांची नोंद ठेवणारी एक लॉग फाइल बाळगते. ती नीट मिटलेली नसली की एनटीएफएस-३जी ड्राइव्ह लिहिण्यासाठी जोडत नाही, तो केवळ वाचनापुरता जोडते आणि विंडोज पूर्ण बंद करून या, असे स्पष्ट शब्दांत सांगते. मुलाला हा संदेश दिसत होता. त्याने इंटरनेटवर शोध घेतला आणि त्याला एनटीएफएसफिक्स ही आज्ञा सापडली. ती चालवली की ड्राइव्ह उघडतो, हे खरे आहे. पण ती करते काय, तर काही किरकोळ विसंगती दुरुस्त करते, लॉग फाइल कोरी करते आणि पुढच्या वेळी विंडोजने ड्राइव्ह तपासावा अशी खूण ठेवते. तिच्या नावात 'फिक्स' असले तरी ती संपूर्ण दुरुस्ती नव्हे. मुलाने ती रोज सकाळी आपोआप चालावी अशी सोय करून ठेवली होती. त्यामुळे रोज सकाळी विंडोजची उघडी वही कोरी होत होती, तिच्यावर पावत्यांच्या फायली लिहिल्या जात होत्या, आणि दुपारी विंडोज कालची स्मृती परत घेऊन त्याच जागांवर आपले लेखन करत होते.

हे नुसते अनुमान राहू नये म्हणून मी माझ्याकडची ३२० जीबीची जुनी हार्ड डिस्क त्या संगणकाला आतून जोडली, तिच्यावर एनटीएफएस विभाजन केले आणि डी ड्राइव्हला हात न लावता तिच्यावर तोच क्रम करून पाहिला. विंडोज शट डाउन केले, लिनक्समध्ये आज्ञा चालवली, 'चाचणी' नावाची फाइल ठेवली, लिनक्स व्यवस्थित बंद केले आणि विंडोज सुरू केले. फाइल नव्हती. वडील खुर्चीमागे उभे राहून पाहत होते. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि काही न बोलता चहा सांगितला.

आधी प्रत, मग दुरुस्ती

डी ड्राइव्हवर सुमारे १८० जीबीचे काम होते. विंडोजच्या चेकडिस्क या डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या साधनाला हात लावण्यापूर्वी मी लिनक्समधून ड्राइव्ह केवळ वाचनासाठी जोडून सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या, कारण चेकडिस्क ड्राइव्हची रचना सुसंगत करते, आपला मजकूर वाचवण्याची हमी ती देत नाही. उतरवताना सात फायली अडल्या, आणि त्यांचे कारण वेगळेच निघाले. बाहेरची डिस्क मी लिनक्सच्या एक्स्ट४ रचनेत ठेवली होती. एक्स्ट४ मध्ये फायलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे धरून, ३ बाइट घेते. म्हणजे मराठी नावाला फार तर ८५ चिन्हे मिळतात. एनटीएफएस मात्र बाइट न मोजता २५५ चिन्हे देते. वडिलांची पद्धत अशी की, वधूवरांची पूर्ण नावे, दोन्ही गावे आणि कार्यालयाचे नाव हे सगळे फायलीच्या नावातच घालायचे. इंग्रजी नावे ठेवणाऱ्याला ही अडचण सहसा जाणवत नाही. ती सात नावे आखडती घेतल्यावर प्रत पूर्ण झाली.

त्यानंतर विंडोज रीस्टार्ट करून डी ड्राइव्हवर चेकडिस्क चालवली. तिने फाउंड.००० हे फोल्डर तयार करून त्यात अकरा बेवारस तुकडे ठेवले. लिनक्समध्ये फायलीचा प्रकार तिच्या आतील सुरुवातीच्या खुणेवरून ओळखणारी एक साधी आज्ञा आहे. तिने सात तुकडे पीडीएफचे व दोन कोरलचे असल्याचे सांगितले, आणि त्यांची नावे बदलल्यावर ते उघडलेही. उरलेल्या दोन तुकड्यांतून काही हाती लागले नाही. एका मंडळाच्या देणगीदारांची यादी मुलाला पुन्हा टंकावी लागली.

ड्राइव्ह एनटीएफएसच का ठेवला

मुलाची सूचना अशी होती की, डी ड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या रचनेत करावा. मायक्रोसॉफ्टने या रचनेचे तपशील २०१९ मध्ये खुले केले आणि २०२० च्या ५.७ कर्नेलपासून लिनक्समध्ये तिचा चांगला चालक आहे, त्यामुळे सूचना वावगी नव्हती. मी ती नाकारली, कारण एक्सफॅटमध्ये बदलांची लॉग फाइल नसते आणि खानापुरात पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा जाईल याचा नेम नसतो. दुकानातील यूपीएसची बॅटरी जुनी झालेली आहे; लिहिता लिहिता वीज गेली तर एनटीएफएस त्या लॉगच्या आधारे निदान स्वतःची रचना सावरते. शिवाय फास्ट स्टार्टअप तसेच राहिले असते तर एक्सफॅटवरही विंडोजच्या जुन्या स्मृतीचा धोका टळला नसता, आणि तेथे लिनक्सला सावध करणारी ती उघडी लॉग फाइलही नसती. फॅट३२ या जुन्या रचनेचा विचारच नको, कारण तीत ४ जीबीची एक फाइल मावत नाही आणि मोठ्या फ्लेक्सच्या टिफ फायली कधी कधी त्याच्या आसपास जातात. एक्स्ट४ विंडोजला स्वतःहून वाचता येत नाही. बाहेरचे चालक मिळतात, पण दुकानाचा सगळा संसार मी त्यांच्या भरवशावर टाकणार नाही.

त्यामुळे रचना बदलली नाही, वापर बदलला. विंडोजमध्ये प्रशासकाच्या कमांड खिडकीतून हायबरनेशन, म्हणजे स्मृती डिस्कवर उतरवून संगणक बंद करण्याची सोयच, बंद केली. सेटिंगमध्ये जाऊन फक्त फास्ट स्टार्टअपची खूण काढता येते, पण ती खूण पुन्हा कोणी लावू शकतो. हायबरनेशनच नसेल तर फास्ट स्टार्टअपला आधार उरत नाही, आणि त्या फायलीने अडवलेली एसएसडीवरील काही जीबी जागाही मोकळी होते. संगणक सुरू व्हायला आता थोडा जास्त वेळ लागतो. एसएसडी असल्यामुळे वडिलांना तो विशेष जाणवत नाही. लिनक्समधली ती रोजची आज्ञा मुलाने स्वतः माझ्यासमोर काढून टाकली.

कोणता ड्राइव्ह कसा जोडायचा हे सांगणाऱ्या लिनक्सच्या एफएसटॅब फायलीत डी ड्राइव्हची नोंद त्याच्या यूयूआयडी या स्वतंत्र ओळखक्रमांकाने केली, कारण डिस्कांची एसडीए-एसडीबी ही नावे नवी डिस्क जोडल्यावर बदलू शकतात. माझी चाचणीची डिस्क जोडल्यावर ती बदललीही होती. ड्राइव्ह मिळाला नाही तरी लिनक्सने सुरू होताना अडून बसू नये, असा पर्यायही त्या ओळीत घातला.

मुलाचा प्रोग्राम मात्र डी ड्राइव्हवरून हलवून लिनक्सच्या बाजूला नेला. साध्या पद्धतीने जोडलेल्या एनटीएफएसवर लिनक्सच्या मालकीच्या आणि परवानग्यांच्या खुणा प्रत्येक फायलीला वेगवेगळ्या लावता येत नाहीत. सगळ्या फायली एकाच मालकाच्या आणि एकाच परवानगीच्या दिसतात, आणि प्रोग्रामच्या आवृत्त्या जपणारे गिट हे साधन वापरणाऱ्याला न बदललेल्या फायली बदललेल्या दिसू लागतात. डी ड्राइव्हवर केवळ तयार पीडीएफ यावी, एवढेच ठरले.

विसर्ग आणि अपूर्णविराम

एक फाइल या सगळ्यातून शिल्लक राहिली. ती विंडोजच्या यादीत दिसत होती, पण उघडत नव्हती आणि पुसताही येत नव्हती. तिचे नाव होते 'दु:खद निधन फलक'. वडिलांना हे अपशकुनी वाटले आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. दोष होता तो विसर्गाचा. मुलाने 'दुःखद' मधला विसर्ग देवनागरीचा न टंकता कळफलकावरचा अपूर्णविराम वापरला होता. पडद्यावर 'दुःखद' आणि 'दु:खद' यांत डोळ्याला फारसा फरक दिसत नाही, पण विंडोजच्या फायलींच्या नावांत अपूर्णविराम निषिद्ध आहे, आणि विंडोजमध्ये नाव टंकताना तो घेतलाच जात नाही. लिनक्सला तसे बंधन नाही. त्याला फक्त तिरकी रेघ चालत नाही. त्यामुळे लिनक्सने ते नाव डी ड्राइव्हवर निमूट लिहिले आणि विंडोजला ते वाचून हाताळता येईना.

मराठीत ही चूक अगदी सहज होते. 'अंत:करण', 'नि:शुल्क', 'स्वत:' हे शब्द आपल्याकडे वर्षानुवर्षे अपूर्णविराम घालूनच टंकले जात आहेत, आणि 'नि:शुल्क आरोग्य शिबिर' हे तर डीटीपी केंद्रातले नेहमीचे काम. इनस्क्रिप्ट कळफलकावर विसर्ग शिफ्ट दाबून संयोगचिन्हाच्या कळीवर मिळतो, हे मुलाला दाखवले. त्याशिवाय एफएसटॅबच्या त्याच ओळीत विंडोजची नावे पाळण्याचा पर्याय जोडला, त्यामुळे आता अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा अवतरणचिन्ह असलेले नाव लिनक्सकडूनच नाकारले जाते. आधीच्या तशा फायली वाचता येतात आणि त्यांची नावे लिनक्समधून बदलता येतात. 'दुःखद निधन' अशा रीतीने मार्गी लागले.

घड्याळाची बाब थोडक्यात सांगतो. या संगणकात लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळावर जागतिक वेळ लिहीत होते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजत होते, म्हणून लिनक्सनंतर उघडलेले विंडोज साडेपाच तास मागे दिसे. त्यामुळे दहा वाजता लिनक्समध्ये ठेवलेली फाइल अकरा वाजता विंडोजमध्ये सुधारलेल्या फायलीपेक्षा 'नवी' ठरत होती. तारखेनुसार सर्वांत वरची फाइल उचलण्याच्या सवयीमुळे एका मंडळाच्या वीस पावती पुस्तकांवर मागच्या वर्षीच्या अध्यक्षांचे नाव छापले गेले होते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितली. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत हा उपाय अडचणीचा ठरतो, पण आपल्याकडे घड्याळे मागेपुढे करण्याची प्रथा नसल्याने हरकत नाही.

गणेशोत्सव पार पडेपर्यंत पुन्हा तक्रार आली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपल्यावर वडिलांनी विंडोज ११ असलेल्या नव्या संगणकाचा विषय काढला, तेव्हा मी मुलाला दोन गोष्टी आधी पाहायला सांगितल्या. नव्या यंत्रात फास्ट स्टार्टअप बहुधा चालूच असेल, तेव्हा डी ड्राइव्ह बसवण्यापूर्वी हायबरनेशन बंद करावे. आणि विंडोजने ड्राइव्ह कूटबद्ध केला आहे का ते तपासून, केला असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, कारण ती नसेल तर लिनक्सला त्या ड्राइव्हवरचे एक अक्षरही वाचता येणार नाही. मुलाने हे दिनदर्शिकेच्या त्याच पानावर, तीन रकान्यांच्या खाली लिहून घेतले.